मध्यस्थाजवळ राहिलेला पासवर्ड

संगणकावरील पासवर्ड जपण्याचा प्रश्न दोन निराळ्या जागी उभा राहतो. एक जागा तपासणाऱ्याची आहे. जो डेटाबेस किंवा जी कार्यप्रणाली येणाऱ्याची ओळख पटवून घेते, तिला समोरून आलेला शब्द बरोबर आहे की नाही एवढेच ठरवायचे असते. दुसरी जागा मध्यस्थाची आहे. एका डेटाबेसातून माहिती काढून दुसऱ्यात नेऊन भरणारे सॉफ्टवेअर स्वतः कोणाला तपासत नाही. ते मालकाच्या वतीने दोन्हीकडे जाऊन पासवर्ड सांगते, आणि तो सांगता यावा म्हणून तो त्याला मूळ रूपात माहीत असावाच लागतो. पहिल्या जागेवरचा प्रश्न १९७९ पर्यंत तत्त्वतः सुटला होता. दुसऱ्या जागेवरचा प्रश्न मात्र दीर्घकाळ एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत हलत राहिला, आणि या स्थलांतराकडे संगणकसुरक्षेच्या इतिहासात जितके लक्ष जायला हवे तितके सहसा जात नाही.

तपासणाऱ्याची हकिकत थोडक्यात सांगता येते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, म्हणजे एमआयटीमध्ये, फर्नांडो कोर्बातो यांच्या पुढाकाराने १९६१ साली सीटीएसएस ही प्रणाली दाखवण्यात आली. एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरायचे असल्यामुळे प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राखण्यासाठी तीत पासवर्ड आले, आणि ते सगळे एका फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने आपल्याला अधिक यंत्रवेळ मिळावा म्हणून ती फाइल सरळ छापून घेतली. १९६६ मध्ये संपादन-प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल होऊन रोजच्या सूचनेऐवजी तीच फाइल प्रत्येक येणाऱ्याच्या टर्मिनलवर उमटली. यावरचा उपाय केंब्रिज विद्यापीठातील टायटन या संगणकावर रॉजर नीडम आणि माइक गाय यांनी याच दशकात काढला. पासवर्ड ठेवायचाच नाही, तर एकमार्गी फलनातून, म्हणजे सरळ दिशेने सोपे पण उलट दिशेने व्यवहारात अशक्य अशा गणितातून, निघालेले त्याचे रूप तेवढे ठेवायचे आणि येणाऱ्याच्या शब्दावर तेच गणित करून दोन्ही रूपे जुळतात का ते पाहायचे, असा तो उपाय होता. युनिक्स प्रणालीत ही रीत कशी विकसित झाली आणि दोघांचे पासवर्ड सारखे असले तरी त्यांची साठवलेली रूपे वेगळी दिसावीत म्हणून त्यात ‘सॉल्ट’ नावाची १२ बिटांची यादृच्छिक भर कशी घातली गेली, हे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात मांडले, आणि नंतरच्या सर्व सुधारणा याच पायावर उभ्या राहिल्या.

मध्यस्थाला यातले काहीच उपयोगी पडत नाही, कारण एकमार्गी रूप डेटाबेससमोर ठेवले तर डेटाबेस त्याला दारातच अडवतो. माणूस पासवर्ड लक्षात ठेवतो व दर वेळी टंकतो. परंतु बँकेच्या दिवसभराच्या नोंदी रात्री दोन वाजता एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणाऱ्या प्रोग्रॅमजवळ त्या वेळी कोणी बसलेले नसते, म्हणून पासवर्ड कोठेतरी लिहून ठेवणे आणि तो परत वाचता येईल अशा रूपात लिहून ठेवणे या कामात अटळ ठरते. सॉफ्टवेअरमधील दुर्बलतांची जी वर्गवारी माइटर ही अमेरिकी संस्था चालवते, तिच्यात परत मिळवता येईल अशा रूपात पासवर्ड साठवणे हा स्वतंत्र दोष म्हणून नोंदलेला आहे. पण डेटा-एकत्रीकरणाच्या सॉफ्टवेअरचा धंदाच या दोषावर उभा आहे, ही गोष्ट अशा वर्गवारीत दिसत नाही.

या क्षेत्रातले एक जुने आणि कदाचित सर्वांत प्रामाणिक उत्तर १९८०च्या दशकातील बर्कली युनिक्सने दिले. त्यातील एफटीपी हा फाइली नेआण करणारा प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या घरच्या डिरेक्टरीतील ‘.नेटआरसी’ नावाच्या फाइलीतून यंत्राचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड उचलत असे. पासवर्ड तेथे उघडाच असे, पण ती फाइल मालकाखेरीज इतरांना वाचता येत असेल तर प्रोग्रॅम ती वापरण्याचे नाकारी. येथे गुपिताचे रक्षण गणिताकडे नव्हते, ते कार्यप्रणालीच्या परवानग्यांकडे सोपवलेले होते, आणि पोस्टग्रेस डेटाबेसच्या ‘.पीजीपास’ फाइलीने पुढे हाच नियम जसाच्या तसा उचलला. एमआयटीच्याच अथेना प्रकल्पातून निघालेल्या कर्बेरॉस या पद्धतीने माणसांचे पासवर्ड जाळ्यावरून पाठवण्याची गरज संपवली. तरी ज्या सेवा माणसाविना चालतात त्यांची गुप्त किल्ली तिलाही डिस्कवरील एका फाइलीत ठेवावी लागली आणि त्या फाइलीचे रक्षणही परवानग्यांवरच सोडावे लागले. कर्बेरॉसच्या रचनाकारांनाही जे टाळता आले नाही ते पुढच्या पिढीतील व्यापारी उत्पादने टाळतील अशी अपेक्षा करणे मुळातच चुकीचे होते.

व्यवहारात तर परवानग्यांचा हा किमान नियमही पाळला जात नसे. ऑरेकल या डेटाबेसाला जोडणारा प्रोग्रॅम सुरू करताना नाव आणि पासवर्ड तिरप्या रेघेने जोडून आज्ञेच्या ओळीतच लिहिण्याची सवय इतकी रुळलेली होती, की त्याच यंत्रावर बसलेल्या दुसऱ्या कोणीही चालू प्रक्रियांची यादी मागवली तर पासवर्ड तिच्यात वाचायला मिळत असे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणली. कोणत्याही प्रोग्रॅमने कोणत्याही डेटाबेसशी एकाच रीतीने बोलावे यासाठीची ती प्रमाणित पद्धत होती, आणि तिच्यामुळे ‘जोडणी’ ही नाव देऊन साठवता येणारी वस्तू बनली. सर्व्हर, डेटाबेस, वापरकर्ता आणि पासवर्ड ही चारही अंगे एका ओळीत लिहिण्याची रूढी येथून पक्की झाली, आणि गुप्त अंग उघड अंगांच्या पंक्तीत जाऊन बसले.

याच दशकात डेटा वेअरहाउस, म्हणजे संस्थेच्या विखुरलेल्या नोंदी विश्लेषणासाठी एकत्र केलेले भांडार, उभारण्याची लाट आली. काढणे, रूपांतर करणे आणि भरणे या तीन कामांसाठी, ज्यांना त्यांच्या आद्याक्षरांवरून ईटीएल म्हणतात, तयार साधने विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली इन्फॉर्मॅटिका त्यांपैकी एक होती. तिच्या साधनात जोडण्या मध्यवर्ती भांडारात, रूपांतराच्या आराखड्यापासून वेगळ्या ठेवल्या जात, त्यामुळे आराखडा लिहिणाऱ्याला पासवर्ड न पाहताही जोडणी नावाने वापरता येत असे. कोणाला वापरता यावे आणि कोणाला दिसावे यांतला हा भेद नंतरच्या अनेक उपायांचा गाभा ठरला, पण तो परवडण्यासाठी मध्यवर्ती भांडार आणि ते सांभाळणारा माणूस, दोन्ही पदरी असावे लागत.

ज्यांच्याकडे हे दोन्ही नव्हते त्यांच्या हाती केटल आले. बेल्जियममधील मॅट कास्टर्स यांनी लिहिलेले हे साधन २००५ च्या अखेरीस मुक्तस्रोत झाले, पुढच्याच वर्षी पेंटाहो कंपनीच्या छत्राखाली गेले आणि २०१५ मध्ये ती कंपनी हिताचीने घेतल्यावर त्या समूहाचा भाग बनले. त्याच्या अंगांना स्वयंपाकघरातली नावे आहेत: आराखडा काढण्यासाठी स्पून, एकेक रूपांतर चालवण्यासाठी पॅन, आणि अनेक पायऱ्यांचे काम वेळापत्रकानुसार चालवण्यासाठी किचन. आराखडा एक्सएमएल या साध्या मजकूर-प्रकारातील फाइलीत साठवला जातो, आणि जोडणीचा पासवर्डही त्याच फाइलीत, आरंभी ‘एन्क्रिप्टेड’, म्हणजे कूटबद्ध, असा शब्द लावून त्यापुढे अक्षर-अंकांची एक लांब ओळ या रूपात, लिहिला जातो.

ही ओळ कशी तयार होते हे पाहण्यासारखे आहे. पासवर्डाची अक्षरे एक मोठी संख्या म्हणून घेतली जातात आणि प्रोग्रॅमच्या स्रोतात कायमच्या लिहिलेल्या दुसऱ्या एका संख्येशी तिची ‘एक्सऑर’ क्रिया केली जाते. या क्रियेत दोन बिट सारखे असतील तर शून्य आणि वेगळे असतील तर एक असे उत्तर येते, व तीच क्रिया त्याच संख्येने पुन्हा केली की मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. केटलमधील ती स्थिर संख्या षोडशमान पद्धतीत, म्हणजे सोळाच्या पटीने मोजणाऱ्या अंकलेखनात, ३३ अंकांची भरते. इंग्रजी पासवर्डाचे एक अक्षर असे दोन अंक व्यापते, म्हणून आठ अक्षरांचा पासवर्ड शेवटचे १६ अंकच बदलू शकतो आणि आरंभीचे १७ अंक जगातल्या प्रत्येक केटल-फाइलीत तेच राहतात. ते १७ अंक म्हणजे दुसरे काही नसून त्या स्थिर संख्येचा उघडा पडलेला भाग असतो. पासवर्ड जितका आखूड तितका न बदललेला भाग लांब, त्यामुळे ओळ उलगडण्याआधीच पासवर्डाच्या लांबीचा अंदाज बांधता येतो. एवढेच नव्हे, तर या फाइली सार्वजनिक भांडारांत जाऊन पडू लागल्यावर, पासवर्ड लपवण्यासाठी निर्माण झालेला हा ठरावीक आरंभ पासवर्ड हुडकण्यासाठी उत्तम शोधशब्द ठरला.

येथे कास्टर्स यांच्यावर अज्ञानाचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. हे काम करणाऱ्या स्रोतातच अशी टीप आहे की हे खरे कूटलेखन नाही, ते केवळ दुर्बोधीकरण आहे, आणि यामुळे पासवर्ड वाचणे कठीण होते, अशक्य होत नाही. शेजाऱ्याच्या पडद्याकडे सहज गेलेल्या नजरेपासून वाचवणे एवढाच त्याचा उद्देश होता आणि तेवढे ते नीट साधते. ज्या गोष्टीने घात केला ती म्हणजे फाइलीतील तो आरंभीचा शब्द. स्रोत वाचणारे थोडे आणि फाइल उघडून पाहणारे पुष्कळ, आणि त्या पुष्कळांनी टीप न वाचता शब्दावर विश्वास ठेवला.

ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना असा नियम सांगितला होता की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. केटलच्या रीतीत पद्धत आणि किल्ली एकाच उघड्या स्रोतात आहेत. आयबीएमच्या वेबस्फिअर या सर्व्हरातही पासवर्ड एका ठरलेल्या चिन्हाशी एक्सऑर करून लिहिण्याची रीत होती, आणि तेथे निदान ओळीच्या आरंभी त्या क्रियेचेच नाव लिहिलेले असे. खरे कूटलेखन वापरले तरी किल्ली त्याच यंत्रावर त्याच प्रोग्रॅमला वाचता येईल अशी ठेवावी लागते, म्हणजे कुलूप लावून किल्ली त्याच दाराच्या खुंटीला अडकवल्यासारखे होते. अपाची टॉमकॅट या सर्व्हरच्या विकासकांनी हाच युक्तिवाद पुढे करून आपल्या सेटिंग्जच्या फाइलीत पासवर्ड उघडे ठेवले आणि ते सुरक्षित करण्याचा चांगला मार्गच नाही असे लेखी सांगून टाकले. अनेक लेखापरीक्षकांना ही भूमिका उद्धट वाटली असेल. तर्काच्या कसोटीवर मात्र ती दुर्बोधीकरणापेक्षा अधिक टिकाऊ होती.

मायक्रोसॉफ्टने उलट टोकाचा प्रयोग केला. १९९८ च्या एसक्यूएल सर्व्हर ७.० बरोबर आलेल्या डीटीएस या साधनाची जागा २००५ मध्ये एसएसआयएसने घेतली, आणि त्यात आराखड्याच्या फाइलीतील संवेदनशील भाग वापरकर्त्याच्या विंडोज खात्याशी बांधलेल्या किल्लीने कूटबद्ध करणे ही न सांगताच लागू होणारी निवड ठेवली गेली. किल्ली फाइलीत नव्हती, स्रोतात नव्हती, ती कार्यप्रणालीच्या ताब्यात होती. केर्कहॉफ्सच्या नियमाने पाहता रचना निर्दोष होती. पण आराखडा ज्याने लिहिला त्याच्या खात्यात तो सुरळीत चालायचा आणि रात्रीच्या वेळापत्रकावर चढवला की सेवेच्या निराळ्या खात्याला पासवर्ड उलगडता न आल्यामुळे कोसळायचा. आराखडा पुण्यात किंवा बंगळूरमध्ये लिहिला जातो, त्याची चाचणी दुसरी तुकडी घेते आणि तो अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या ग्राहकाच्या यंत्रावर चालतो, अशी कामाची वाटणी भारतीय सेवा कंपन्यांत रूढ झालेली असताना लिहिणारा आणि चालवणारा एकच असेल हे गृहीतक टिकणे शक्यच नव्हते. ही तक्रार इतकी सार्वत्रिक झाली की मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी स्वतंत्र मदतलेख काढावा लागला.

लोकांनी काढलेली पळवाट बोलकी आहे. संवेदनशील काहीच साठवू नये असा पर्याय निवडायचा आणि पासवर्ड बाहेरच्या सेटिंग्जच्या फाइलीतून द्यायचा. पण ती फाइल तयार करणारे साधन सावधगिरी म्हणून पासवर्ड लिहीतच नसे, तेव्हा फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून पासवर्ड हाताने, उघड्या अक्षरांत, टंकायचा. सर्वांत कडक रचनेचा शेवट अशा रीतीने ‘.नेटआरसी’पेक्षाही मागच्या पायरीवर झाला, कारण येथे फाइलीच्या परवानग्या तपासणाराही कोणी नव्हता. २०१२ च्या आवृत्तीत पासवर्ड फाइलींमधून काढून सर्व्हरवरील मध्यवर्ती सूचीत कूटबद्ध रूपात ठेवण्याची सोय झाली, म्हणजे इन्फॉर्मॅटिकाने ज्या रचनेपासून सुरुवात केली होती तिच्याकडेच मायक्रोसॉफ्ट वळसा घालून आले.

पुढच्या पिढीतील मुक्तस्रोत साधनांनी कूटलेखन खरे वापरले आणि चूक किल्लीच्या बाबतीत केली. एअरबीएनबीमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या एअरफ्लोने जोडण्या आपल्या डेटाबेसात फर्नेट या पद्धतीने कूटबद्ध ठेवल्या, पण फर्नेटची किल्ली आणि खुद्द त्या डेटाबेसात शिरण्याचा पासवर्ड हे दोन्ही सामान्यतः एकाच सेटिंग्जच्या फाइलीत असत, त्यामुळे ती एक फाइल वाचणाऱ्याला दुसरे काही लागत नसे; शिवाय आरंभीच्या आवृत्त्यांत किल्ली दिलीच नाही तर पासवर्ड उघडेच साठवले जात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, २०१४ मध्ये अपाची संस्थेला दिलेल्या नायफाय या साधनात किल्ली न दिल्यास सर्वांसाठी सारखी असलेली ठरावीक किल्ली वापरली जाई, आणि प्रत्येक नव्या स्थापनेसाठी वेगळी यादृच्छिक किल्ली निर्माण करण्याची सुधारणा २०२१ च्या १.१४ या आवृत्तीत झाली. गुप्तहेरांच्या संस्थेतून आलेल्या सॉफ्टवेअरची ही हकिकत असावी हे थोडे गमतीचे आहे.

दरम्यान धोक्याचे ठिकाण बदलले होते. यंत्रावरील दुसरा वापरकर्ता हा जुन्या काळचा संशयित मागे पडला, आणि गिट या आवृत्ती-नियंत्रणाच्या साधनाने, ज्यात प्रत्येक बदल इतिहासासह कायम राहतो, सेटिंग्जच्या फाइली यंत्राबाहेर नेल्या. ॲडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास हेरोकू कंपनीतील अनुभवावरून लिहिलेल्या ‘ट्वेल्व्ह फॅक्टर’ या नियमावलीने म्हणूनच कसोटी अशी ठेवली की प्रोग्रॅमचा स्रोत या क्षणी जगजाहीर केला तरी एकही गुपित बाहेर पडता कामा नये. उबरच्या खासगी स्रोत-भांडारात शिरलेल्यांना २०१६ मध्ये तेथे ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली सापडली आणि तिच्या आधारे सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती गेली, हे पुढच्या वर्षी उघड झाल्यावर ही कसोटी केवळ प्रोग्रॅमरांच्या शिस्तीचा विषय राहिली नाही. केटलमध्ये याचे रूप साधे होते: आराखड्यात पासवर्डाऐवजी चलाचे नाव लिहायचे आणि त्याची किंमत ‘केटल.प्रॉपर्टीज’ या स्थानिक फाइलीत ठेवायची. आराखडा मोकळेपणाने वाटता येऊ लागला, पासवर्ड मात्र एक डिरेक्टरी बाजूला सरकला इतकेच.

मध्यस्थाच्या प्रश्नाला खरी कलाटणी कूटलेखनाने दिली नाही, ती मुदतीने दिली. २०१५ मध्ये आलेल्या हॅशीकॉर्पच्या व्हॉल्ट या गुपितांच्या कोठाराने असा मार्ग काढला की मध्यस्थाने मागणी केली की डेटाबेसात त्या कामापुरता नवा वापरकर्ता निर्माण करायचा, त्याचा पासवर्ड द्यायचा आणि ठरलेली मुदत संपताच तो वापरकर्ता पुसून टाकायचा. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस-सेवेत २०१७ पासून पासवर्डाऐवजी अवघी १५ मिनिटे चालणारी सांकेतिक परवानगी वापरता येऊ लागली. अशा व्यवस्थेत साठवलेले गुपित चोराच्या हाती लागले तरी बहुधा शिळे झालेले असते. कोठाराकडे मागणी करणारा मध्यस्थ खराच आहे हे कशावरून ओळखायचे, हा प्रश्न उरतोच, आणि या व्यवसायातले लोक त्याला ‘शून्यावे गुपित’ म्हणतात. क्लाउडमध्ये त्याचे उत्तर यंत्र पुरवणारी कंपनीच त्या यंत्राची ओळख पटवून देऊन देते, स्वतःच्या खोलीतल्या सर्व्हरवर मात्र पुन्हा एखादी फाइल लागते आणि तिच्या परवानग्या सांभाळाव्या लागतात.

क्रेडिट व डेबिट कार्डांच्या व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस या सुरक्षा-मानकाने २०२२ च्या चौथ्या आवृत्तीत, ज्या प्रणाली-खात्यांनी माणसालाही आत शिरता येते त्यांचे पासवर्ड स्क्रिप्टमध्ये किंवा सेटिंग्जच्या फाइलीत कायमचे लिहिण्यास मनाई केली, आणि ती ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक झाली. केटलच्याच स्रोतातून वेगळे निघालेले आणि २०२१ च्या अखेरीस अपाची संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प झालेले हॉप हे साधन एईएस या मान्यताप्राप्त कूटपद्धतीचा पर्याय देते आणि तिची किल्ली आराखड्याबाहेरून, पर्यावरण-चलातून, घेते. वापरणाऱ्याने तो पर्याय आपणहून निवडला नाही तर मात्र पूर्वीचेच दुर्बोधीकरण लागू होते, कारण ज्या साधनाचा पहिला आराखडा पाच मिनिटांत चालून दाखवायचा असतो त्याने नवख्याला आधी किल्ली तयार करायला लावणे कोणत्याही विकासकाला परवडत नाही.